घरात रेंज नाही, कंपनी म्हणते वायफाय कॉलिंग लावा: मग टॉवर नक्की कुणाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कर्वेनगरमधली जुनी तीन मजली इमारत पाडून बारा मजली झाली. तुम्हाला पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूचा फ्लॅट मिळाला. जुन्या घरात फोन नीट लागायचा, आता वडिलांच्या खोलीत तो सतत ‘नॉट रीचेबल’ असतो. तक्रार केल्यावर कंपनीचं उत्तर आलं, ‘तुमच्या भागात कव्हरेज उत्तम आहे, कृपया वायफाय कॉलिंग सुरू करा.’ म्हणजे कॉल टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून, इंटरनेटवरून करा. तुम्ही विचारता: रिचार्ज माझं, ब्रॉडबँडचं बिल माझं, राउटरची वीज माझी, मग रेंज कंपनीनं मला दिली की मी कंपनीला? आणि शेजाऱ्यांनी सुचवलेला सहा हजारांचा बूस्टर, म्हणजे रेंज वाढवणारा डबा, लावू का?

बूस्टर लावू नका. का, ते पुढे सांगतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुम्ही स्वतःच दिलेलं आहे. शेवटच्या तीस फुटांची रेंज तुम्हीच कंपनीला देताय.

मी बावीस वर्षं रेडिओ नेटवर्कच्या कामात आहे. साइट (म्हणजे टॉवरची जागा) कुठे घ्यायची, अँटेना किती अंश खाली वाकवायची, गाडीत लॅपटॉप आणि चार फोन मांडून गल्लोगल्ली रेंज कशी मोजायची, हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे कंपनीची बाजूही मला ठाऊक आहे, आणि ती सगळीच खोटी नाही.

आधी एक आठवून बघा. जुन्या इमारतीच्या गच्चीवर किंवा शेजारच्या एखाद्या गच्चीवर टॉवर होता का? पुण्यात पुनर्विकासाची लाट आल्यापासून हे मी वारंवार पाहतोय. इमारत पाडायला घेतली की गच्चीवरची साइट उतरवतात. नव्या इमारतीच्या सोसायटीला टॉवरचं भाडं नको असतं, रेडिएशनची भीती जास्त. भारतात टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, हे सभेत कितीही समजावून सांगितलं तरी ठराव नामंजूर होतो. मग साइट जाते चारशे मीटर लांब, आणि मधे उभ्या राहतात आणखी तीन बारा मजली इमारती. सभेत विरोध करणारे काका आणि सहा महिन्यांनी ‘रेंज नाही’ म्हणून फोन करणारे काका पुष्कळदा एकच असतात. असो.

आता भिंतींचं. मागच्या दिवाळीत बहिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये मी मोजून पाहिलं, म्हणून आकडे पाठ आहेत. गॅलरीत उणे ९४ डीबीएम, हॉलमध्ये उणे १०६, आतल्या खोलीत कपाटाशेजारी उणे ११९. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, आणि हा आकडा जितका शून्याकडे तितका चांगला. उणे ८५ च्या आसपास असेल तर मजा, उणे ११० नंतर आवाज तुटायला लागतो आणि उणे १२० ला फोन हात टेकतो. ही मोजपट्टी सरळ चढत नाही, दर १० ला सिग्नल दहापट कमी होतो. म्हणजे गॅलरी ते कपाट या पंधरा-वीस पावलांत सिग्नल तीनशेपट घटला होता. फोनवरच्या काड्या बघून यातलं काही कळत नाही. किती डीबीएमला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा स्वतःच्या मनानं ठरवतो.

त्यात बँडचा, म्हणजे कंपनी कोणत्या फ्रिक्वेन्सीवर लहर सोडते त्याचा, भाग येतो. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरते, २३०० ची धडपडते. काँक्रीटची भिंत विटांच्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त सिग्नल खाते, आणि ऊन अडवणारा लेप दिलेली काच काही वेळा काँक्रीटलाही मागे टाकते. शिवाय सगळ्या कंपन्यांचं जाळं सारखं नाही. जिओकडे २जी-३जी कधी नव्हतंच, त्यामुळे तिथे ४जी-५जी गेलं की कॉलही गेला. इतर कंपन्यांचा फोन निदान ९०० किंवा १८०० वरच्या २जीवर उतरून कॉल लावून देतो. तुमचं सिम कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण हा मुद्दा पुढे लागेल.

‘कव्हरेज उत्तम आहे’ हे उत्तर कुठून येतं? आमच्या नकाशातून. तो नकाशा गणिती अंदाज आणि रस्त्यावरच्या मोजणीतून तयार होतो. गाडी रस्त्यावर फिरते, तुमच्या वडिलांच्या खोलीत येत नाही. २०२४ च्या नव्या गुणवत्ता नियमांप्रमाणे कंपन्यांना आपले कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर लावावे लागतात. ते जरूर बघा, फक्त तो रंग रस्त्याचा आहे हे लक्षात ठेवा. कॉल सेंटरवरची मुलगी तोच हिरवा रंग बघून तुम्हाला सांगते. ती खोटं बोलत नाही, तिला तुमची भिंत दिसत नाही.

आता तुमच्या ब्रॉडबँडकडे वळू. ग्राहकाच्या इंटरनेटवर आपलं कव्हरेज टेकवण्याची कल्पना भारतातली नाही आणि नवीही नाही. अमेरिकेत टी-मोबाइलनं २००७ मध्ये घरच्या वायफायवरून कॉल करायची सेवा काढली, खास फोन घेऊन. त्यांनाच ती सुचण्याचं कारण सरळ होतं. भिंतीतून शिरणारा खालचा बँड त्यांच्याकडे नव्हता, सगळी मदार १९०० सारख्या वरच्या बँडवर. ज्याच्या लहरी आत पोचत नाहीत, त्याला तुमच्या राउटरची आठवण सगळ्यात आधी होते.

त्यानंतर फेमटोसेल आला. राउटरएवढा डबा, आत खराखुरा छोटा टॉवर, आणि टॉवरपासून कंपनीपर्यंतचा रस्ता म्हणजे ग्राहकाचं ब्रॉडबँड. अमेरिकेत स्प्रिंटनं २००८ मध्ये, व्हेरायझननं २००९ मध्ये आणि एटी अँड टीनं २०१० मध्ये तो विकायला काढला. ब्रिटनमध्ये व्होडाफोन २००९ मध्येच उतरली होती. एटी अँड टीचा डबा साधारण १५० डॉलरला होता, आणि त्यावरून केलेल्या कॉलची मिनिटंसुद्धा ग्राहकाच्या प्लॅनमधून कापली जायची. ती वाचवायची तर महिन्याला आणखी सुमारे २० डॉलर. डबा तुमचा, इंटरनेट तुमचं, वीज तुमची आणि मिनिटंही तुमचीच! तिकडचे लोक चिडले ते काही उगीच नाही. वर त्या डब्याला जीपीएस लागायचा, कारण परवान्याचा स्पेक्ट्रम वापरणारा डबा कुठे ठेवलाय हे कंपनीला कळायला हवं आणि आपत्कालीन कॉलला पत्ताही हवा. म्हणून तो ठेवायचा खिडकीत, आणि रेंज हवी आतल्या खोलीत. २०२२ च्या फेब्रुवारीत एटी अँड टीनं ३जी बंद केलं, तेव्हा ते सगळे डबे भंगारात गेले.

फेमटोसेलची आणखी एक भानगड होती. कॉलचं कुलूप (एन्क्रिप्शन) त्या डब्यात उघडायचं. डबा ज्याच्या हातात, त्याला आत डोकावता येणार. २०१३ मध्ये लास व्हेगासच्या सुरक्षा परिषदांत संशोधकांनी व्हेरायझनच्या फेमटोसेलमधून दुसऱ्याचे कॉल आणि मेसेज पकडून दाखवले. कंपनीनं ते भोक बुजवलं, पण मूळ रचनाच तशी होती.

वायफाय कॉलिंग त्या मानानं पुष्कळ बरं. फोन तुमच्या इंटरनेटवरून थेट कंपनीच्या दारापर्यंत कुलूपबंद बोगदा खणतो. ओळख पटते ती सिमवरून, आणि बोलणं त्या बोगद्यातून जातं. मधल्या राउटरला, केबलवाल्याला फक्त बंद पाकिटं दिसतात. ही पाकिटं गंमतशीर असतात. सेकंदाला पन्नास निघतात आणि प्रत्येकात आवाज असतो साठेक बाइटचा, पण त्यावर चढणारे पत्ते आणि कुलपं मिळून शंभराच्या वर जातात. चिठ्ठीपेक्षा पाकीट जड! तरीही दोन्ही दिशा मिळून मिनिटाला एक-दीड एमबीच्या आसपास खर्च होतो. तुमच्या शंभर एमबीपीएसच्या लाइनला हे कळतसुद्धा नाही. तेव्हा ‘माझा डेटा खातात’ हा मुद्दा तक्रारीत घालू नका, तो टिकणार नाही.

आपल्याकडे याची सुरुवात मजेशीर झाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं इंटरनेटवरून दूरध्वनी करू देण्याची शिफारस केली, जिथे मोबाईलची रेंज कमी पडते तिथे उपयोग होईल असं म्हणून. मोबाईल कंपन्यांच्या संघटनेनं तेव्हा हरकती घेतल्या, दुसऱ्याच्या इंटरनेटवरून आपला धंदा जाईल ही धास्ती. २०१८ मध्ये सरकारनं मोकळीक दिली. मग डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेलनं दिल्ली परिसरात वायफाय कॉलिंग आणलं, आधी फक्त स्वतःच्या ब्रॉडबँडवर. जानेवारी २०२० मध्ये जिओनं देशभर, कोणत्याही वायफायवर. डिसेंबर २०२० मध्ये व्हीनं (व्होडाफोन-आयडियानं) सुरुवात केली तेव्हा पहिल्या सर्कलांत आपलं महाराष्ट्र-गोवा होतं. दोन-तीन वर्षांत हरकतीचं कौतुक झालं, कारण मधल्या काळात हिशेब समजला होता. इमारतीच्या आत अँटेनांचं जाळं टाकायचं तर परवानगी, केबल, वीज, भाडं सगळं कंपनीच्या खिशातून. राउटर मात्र ग्राहकानं आधीच विकत घेऊन ठेवलेला.

याला फसवणूक म्हणायला मी तयार नाही. कॉलची तंत्रव्यवस्था, नंबर, बिल सगळं कंपनी सांभाळते, आणि आवाज कित्येकदा टॉवरवरच्यापेक्षा स्वच्छ येतो. माझा आक्षेप दुसराच आहे, जबाबदारीचा. ट्रायनं २०१५ मध्ये तुटलेल्या कॉलमागे एक रुपया भरपाई ठरवली होती, दिवसाला जास्तीत जास्त तीन कॉल. कंपन्या न्यायालयात गेल्या. त्यांचा एक मुद्दा असा होता की कॉल ग्राहकाच्या बाजूच्या कारणांनीही तुटतो. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. आता वायफाय कॉलिंगमध्ये बघा, ग्राहकाची बाजू म्हणजे निम्मा रस्ता! राउटर तुमचा, केबलवाला तुमचा, लोडशेडिंग तुमच्या नशिबाचं. कॉल तुटला की मोबाईल कंपनी ब्रॉडबँडकडे बोट दाखवणार आणि ब्रॉडबँडवाला म्हणणार, ‘आमचं नेट चालू आहे, यूट्यूब लावून बघा.’ यूट्यूब दहा सेकंद आधीच भरून ठेवतं, बोलणं तसं भरून ठेवता येत नाही, हे त्याला कोण सांगणार?

बरं, आता कामाचं बोलू. वडिलांचा फोन कोणता? साधा बटणांचा असेल तर हे सगळं जवळपास संपलंच, बहुतेक अशा फोनांत वायफाय कॉलिंग नसतं. स्मार्टफोन असेल तर आधी ही चाचणी करा: विमान मोड लावा, मग फक्त वायफाय चालू करा, आणि त्यांच्या खोलीतून तुमच्या नंबरवर फोन लावा. लागला तर बोगदा तयार होतोय. नाही लागला तर सेटिंग बंद आहे, नाहीतर केबलवाल्याच्या जाळ्यात यूडीपी ५०० आणि ४५०० हे दोन दरवाजे बंद आहेत. त्याला नेमके हेच आकडे सांगा, म्हणजे ‘नेट चालू आहे’ हे उत्तर देता येणार नाही.

जाणारा कॉल लागतो पण येणारा येत नाही, ही तक्रार माझ्याकडे सगळ्यात जास्त येते. तिचं कारण बहुतेक वेळा छोट्या केबलवाल्याकडे सापडतं. तो एका सार्वजनिक पत्त्यावर शेकडो घरं बसवतो आणि शांत पडलेली जोडणी थोड्या वेळात पुसून टाकतो. फोन खिशात झोपलेला, बोगदा मधेच बुजलेला, आणि समोरच्याला ऐकू येतं, ‘नॉट रीचेबल’. यावर तुमच्या हातात दोनच गोष्टी आहेत. राउटर बदलून बघणं, नाहीतर केबलवाला बदलणं.

दुसरी अडचण अर्धवट रेंजची. उणे ११५ वर लटकलेला फोन धड टॉवर सोडत नाही, धड वायफायवर येत नाही. पुष्कळ अँड्रॉइड फोनांत वायफाय कॉलिंगच्या सेटिंगमध्ये ‘वायफायला प्राधान्य’ असा पर्याय असतो, तो निवडा. वडील घराबाहेर फारसे जात नसतील तर हे बेलाशक करा.

राउटर कुठे आहे? हॉलमध्ये चपलांच्या कपाटात असेल तर आधी तो बाहेर काढा. बहिणीकडे नेमका तिथेच होता, सुतारानं खास कप्पा करून दिलेला. तो काढून पॅसेजमध्ये माळ्याच्या फळीखाली लावला आणि निम्मं काम झालं. टॉवर लावताना आम्ही महिनाभर जागा शोधतो, आणि घरातला टॉवर चपलांत!

वीज गेली की काय? टॉवरला बॅटरी असते, कित्येक ठिकाणी जनरेटर. जुना लँडलाइन तर एक्स्चेंजच्या विजेवर चालायचा, घरात अंधार असला तरी डायल टोन यायचा. राउटरला तुम्हीच काहीतरी द्यायला हवं. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस हजार-दीड हजारात मिळतो. पण घ्यायच्या आधी जिन्यातल्या डक्टमध्ये डोकावा. केबलवाल्याचा विजेवर चालणारा स्विच तिथे लटकत असेल आणि त्याला बॅकअप नसेल, तर तुमचा यूपीएस नुसताच दिवा लावून बसेल. घरापर्यंत थेट फायबर असेल आणि मधे फक्त बिनविजेचा स्प्लिटर असेल तर काळजी नाही.

याला जोडून ११२ चा मुद्दा. आपत्कालीन कॉलला फोन आधी मोबाईलचं जाळं शोधतो, स्वतःच्या कंपनीचं नसलं तर दुसऱ्या कंपनीचंसुद्धा. वायफायवरच्या कॉलमधून माणूस नक्की कुठे आहे हे टॉवरच्या कॉलइतकं सहज समजत नाही. घरात वयस्कर माणूस असताना सगळा भार वायफायवर टाकू नये, असं माझं मत आहे. म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिमही त्या खोलीत तपासा. पाहुण्यांचे, कामवाल्या मावशींचे, दूधवाल्याचे फोन घेऊन बघा. कुणाचा तरी ९०० चा बँड किंवा जवळची साइट आतपर्यंत पोचत असेल. तसं दिसलं तर वडिलांचा नंबर पोर्ट करा, नाहीतर फोनच्या दुसऱ्या खाचेत तेही सिम घाला.

आता बूस्टर. परवान्याशिवाय रिपीटर, म्हणजे हाच बूस्टर, बसवणं आपल्याकडे बेकायदा आहे. दूरसंचार खात्याची माणसं येऊन ते उतरवतात. कायदा बाजूला ठेवला तरी तो डबा तुमच्यापुरता राहत नाही. ३जीच्या काळात पुण्यातल्या एका पेठेत आमच्या साइटच्या एका बाजूचे कॉल सकाळी अकरापासून रात्री नऊपर्यंत तुटायचे, रविवारी सगळं ठीक. शांत असताना उणे १०५ वर असणारा साइटच्या कानाकडचा, म्हणजे फोनांचं ऐकायच्या बाजूचा, गोंगाट उणे ८८ ला जाऊन बसलेला. दिशादर्शक अँटेना हातात धरून आम्ही दोघं दोन दिवस गल्ल्यांतून फिरलो, लोकांना वाटलं मीटर तपासायला आलेत. शेवटी एका तळघरातल्या कापडाच्या दुकानात सापडला तो बूस्टर, छताला टांगलेला, आठवडी सुट्टीला बंद होणारा. दुकानदाराचा फोन झकास चालत होता आणि वरच्या चारशे घरांचे कॉल तो एकटा मारत होता. त्याला पत्ताच नव्हता. आमचा चहा मात्र त्यानं पाजला.

एक पर्याय बहुतेक जण विसरतात. एअरफायबरसारखी जी ५जीवरची घरगुती जोडणी २०२३ पासून मिळते, तिचा डबा बहुधा गच्चीवर बसतो आणि तिथून वायर घरात येते. म्हणजे जी लहर तुमच्या भिंतीतून येईना, तीच गच्चीवर पकडून वायरनं आत आणायची आणि तिच्यावर वायफाय कॉलिंग करायचं. ज्यांच्या इमारतीत फायबर नाही त्यांना हे सोयीचं. मात्र टॉवर बंद पडला तर तुमचं इंटरनेट आणि मोबाईल एकाच वेळी जातील, तेव्हा त्याच कंपनीचं सिम आणि त्याच कंपनीचं एअरफायबर अशी जोडी शक्यतो नको.

सोसायटी म्हणून करण्यासारखं एकच. २०२४ मध्ये ट्रायनं इमारतींना डिजिटल जोडणीच्या दर्जाप्रमाणे स्टार रेटिंग देण्याची पद्धत आणली आहे. बिल्डर अजून आसपास असेल तर ती पुढे करून सगळ्या कंपन्यांना वापरता येईल अशा आतल्या अँटेनांसाठी डक्ट आणि वीज मागून घ्या. ताबा होऊन पाच वर्षं झाली की कुणी विचारत नाही.

आणि तक्रार सोडू नका, फक्त शब्द बदला. ‘रेंज नाही’ लिहिलं की तिकीट ‘कव्हरेज उत्तम’ म्हणून बंद होतं, मी ती बंद होताना पाहिलेली आहेत. त्याऐवजी तारीख, वेळ, मजला, खोली आणि डीबीएमचा आकडा लिहा. अँड्रॉइडवर फोनच्या माहितीत सिम स्टेटसमध्ये तो मिळतो, आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करून. वायफाय कॉलिंग लावून पाहिलं, वीज गेल्यावर ते बंद पडतं, हेही लिहा. तक्रारीचा डॉकेट क्रमांक जपून ठेवा. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत जाता येतं, आणि त्याला ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. आकडे असलेलं अपील आमच्यासारख्या माणसाच्या टेबलावर येतं, बिनआकड्यांचं येत नाही.

आकडा घेताना वडिलांच्या पलंगावर बसून, ते फोन जिथे धरतात तिथेच धरून, दार लावून घ्या. दारात उभं राहून घेतलेला आकडा आणि पलंगावरचा आकडा यांत सात-आठ डीबीचा फरक बहिणीकडेच निघाला होता, आणि कंपनीचा माणूस आला की तो दारातच उभा राहतो.